गेटबाहेरची बहीण

समोरच्या घरातली बाई भर जानेवारीत अनवाणी माझ्या दारात आली, तेव्हा मी तिळगुळाचा पाक करत होते. इथे टेक्सासात, प्लेनोत, त्या सकाळी लॉनवर दंव पडलेलं होतं. दार उघडलं तर गुड मॉर्निंग नाही, काही नाही, तिनं माझं मनगटच धरलं.

"तुझ्या भावाला फोन कर," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. त्याला सांग, माझी बहीण त्याच्या गेटबाहेर उभी आहे. बरोबर दोन पोरं आहेत. त्याला म्हणावं, गेट उघड."

मी फोन शोधायला धावले आणि मागे पाकाचा कोळसा झाला. नवरा म्हणाला, "अगं, गॅस तरी बंद करायचास." त्याच्याकडे मी असं काही बघितलं की तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

मला राग लवकर येतो. माहेरी म्हणायचे, हिचा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि नाकही चांगलं लांब. पण हा राग तसा नाही. हा अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

समोरची बाई काँगोची, तिथल्या पूर्वेकडच्या, सरोवराकाठच्या शहरातली. आईबाप लहानपणीच गेले, थोरल्या बहिणीनं हिला वाढवलं. लढायांच्या धामधुमीत ही निसटली, निर्वासितांच्या छावण्यांतून फिरत फिरत इथे टेक्सासात पोचली, आणि आता एका सीनिअर होममध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करते. बहीण मात्र तिथेच राहिली. आमची ओळख झाली कचऱ्याच्या डब्यांवरून. वाऱ्यानं माझा डबा तिच्या अंगणात गेला होता, तो परत करायला ती आली आणि जाताना माझ्या हातचं थालीपीठ खाऊन गेली. माझी मुलगी इथेच जन्मलेली, मराठी समजतं पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. तिलासुद्धा मी सांगून ठेवलं होतं, समोरच्या बाईंना मावशी म्हणायचं. ती म्हणायची आणि त्या बाईला ते फार आवडायचं.

माझा धाकटा भाऊ फौजेत मेजर. आमचं गाव साताऱ्याकडचं, तिथे घरटी एक माणूस फौजेत असतो. नसला तर लोक विचारतात, काय झालं, तब्येत बरी नव्हती का? तर हा भाऊ एक दिवस फोनवर म्हणाला, "ताई, शांतिसेनेत निघालोय. वर्षभर. काँगो." मी विचारलं, काँगोत कुठे? त्यानं शहराचं नाव सांगितलं. मी फोन कानाला तसाच धरून रस्ता ओलांडला आणि समोरचं दार वाजवलं. नाव ऐकून ती बाई किंचाळलीच! मग आम्ही दोघी तिच्या दारात उभ्या राहून वेड्यासारख्या हसलो, आणि भाऊ पलीकडून "ताई, काय चाललंय काय?" करत राहिला.

त्याचा तळ निघाला तिच्या बहिणीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बहीण त्याच रस्त्यावर टोपलीत अ‍ॅव्होकाडो घेऊन बसायची. आठ-पंधरा दिवसांत भावानं तिला शोधून काढलं आणि तळाच्या गेटशी उभं करून व्हिडिओ कॉल लावला. मोठी धिप्पाड बाई, डोक्याला फडकं बांधलेलं, हसली की सगळं अंग हलायचं. तिची दोन नातवंडं तिच्या झग्याला धरून होती. त्यांची आई कुठे आहे हे मी विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलंही नाही.

समोरची बाई त्या शहराबद्दल बोलायची तेव्हा तिला हसू आणि संताप एकदमच यायचा. "आमच्याकडे बटाटे फार छान होतात," ती म्हणायची. "नुसते बटाटेच झाले असते तर किती बरं झालं असतं." पण तिथल्या डोंगरांत कोल्टन आहे, कथील आहे, सोनं आहे. आपल्या प्रत्येकाच्या फोनच्या पोटात त्या मातीतला कण असतो. त्यामुळे तिथे कोण ना कोण सैन्य घेऊन येतंच. शेजारचे देश येतात, त्यांच्या पाठबळावरच्या टोळ्या येतात, टोळ्यांना हाकलायला आणखी लांबचे देश येतात. त्या वर्षी दक्षिणेकडच्या देशांनी मिळून आपली फौज पाठवली होती. ते आले तेव्हा रस्त्यावरची पोरं त्यांच्या गाड्यांमागे पळाली म्हणे. "आमच्या पोरांना गणवेश ओळखता येतात," ती म्हणाली. "तुमच्याकडे पोरांना कार ओळखता येतात ना, तसं." आणि या सगळ्यांच्या मध्ये निळ्या टोप्यांची शांतिसेना. माझा भाऊ त्यांतला.

दिवाळी आली. मी दरवर्षी भाऊबीजेला भावाला व्हिडिओवर ओवाळते. स्क्रीनसमोर ताट फिरवायचं आणि स्वतःच करंजी खायची, यात काय मजा आहे ते मला विचारू नका. त्या वर्षी डोक्यात आलं, इतकी जवळ एक बाई आहे, तीच माझ्या वतीनं ओवाळेल! समोरच्या बाईला विचारलं. आधी तिला काही कळेना. मग तिला समजावलं की आमच्यात बहीण भावाला ओवाळते, भाऊ तिला काहीतरी देतो आणि तिच्या पाठीशी उभा राहतो. ती म्हणाली, "माझ्या बहिणीला सख्खा भाऊ नाही. तिला आवडेल."

आणि काय ती भाऊबीज झाली! इथे सकाळ, तिथे दुपार. गेटच्या आत भाऊ खुर्चीवर, डोक्यावर रुमाल. एका जवानानं मेसमधून हळद आणली. बहिणीनं स्टीलच्या ताटलीत मेणबत्ती लावली होती. मी इथून ओरडतेय, "उजवीकडून, उजवीकडून!" समोरची बाई ते स्वाहिलीत सांगतेय आणि तिकडे बहीण खुशाल उलटी ओवाळतेय. मग मी म्हटलं, जाऊ दे, उलटी तर उलटी. भावानं तिला शाल दिली. आणि मग, आपल्या माणसांना कुठे थांबायचं कळत नाही ना, भावानं छाती पुढे काढून सांगितलं, "तिला म्हणावं, आजपासून तू माझी बहीण. काही झालं, कधीही झालं, तर या गेटशी ये आणि मला हाक मार." समोरच्या बाईनं ते शब्दन् शब्द तिला सांगितलं. पलीकडे तिनं भावाचे दोन्ही हात हातात घेतले आणि "भाऊ" हा शब्द म्हणून पाहिला. नंतर रोज त्याला गेटमध्ये बघितलं की ती "भाऊ!" अशी आरोळी ठोकायची आणि एक अ‍ॅव्होकाडो द्यायची.

मी ते फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, तर आमच्या एका काकूंनी विचारलं, "ती विधवा आहे का गं? मग ओवाळलेलं चालतं का?" मी लिहिलं, "काकू, तिचा नवरा लढाईत मेला. तुमचे आहेत, तर तुम्ही जाता का तिथे ओवाळायला?" काकू अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. नका बोलू.

जानेवारीत ते सगळं कोसळलं. शेजारच्या देशाच्या पाठबळावरची टोळी शहराच्या वेशीशी आली. तो देश म्हणत होता, आमचा यात हात नाही. मग तोफा काय आभाळातून पडल्या? दक्षिणेकडच्या देशांची फौज डोंगरावर लढत होती, त्यांची माणसं मरत होती, आणि त्यांना सोडवायला कोणी येत नव्हतं. जगभरचे मोठे लोक मोठ्या टेबलाभोवती बसून तीव्र चिंता व्यक्त करत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

लोक सामान डोक्यावर घेऊन सरहद्दीकडे निघाले होते. समोरची बाई बहिणीला फोनवर विनवत होती, तूही नीघ, पोरांना घे आणि सरहद्द ओलांड. बहीण म्हणाली, "मी कशाला जाऊ? माझा भाऊ आहे ना गेटमध्ये." शेवटच्या फोनवर तिनं एवढंच सांगितलं की मी गेटशी आलेय, इथे खूप गर्दी आहे, गेट बंद आहे, तुझ्या मैत्रिणीला सांग. हा फोन संपला आणि ही अनवाणी माझ्याकडे आली.

मी भावाला लावला. लागत नव्हता. पुन्हा लावला. कितव्यांदा कोण जाणे, पण त्यानं उचलला. मागे धडधड असे आवाज, कोणीतरी ओरडतंय. मी म्हणाले, "अरे, ती गेटबाहेर आहे! तुझी बहीण! पोरं आहेत तिच्याबरोबर, तिला आत घे!" तो म्हणाला, "ताई, आवाज तुटतोय, काय?" मी पुन्हा ओरडले. आणि लाइन गेली. मग मी मेसेज केले. एकही पोचला नाही. शहराचं नेटच बंद झालं होतं. समोरची बाई माझ्या ओट्याला टेकून उभी होती. तिला मी माझ्या चपला दिल्या, त्या तिनं हातातच धरून ठेवल्या.

"ऐकलं त्यानं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

सोमवारी मी ऑफिसला गेले, कारण घरी बसले असते तर भिंतीवर डोकं आपटलं असतं. मी एका इलेक्ट्रॉनिक पार्ट्सच्या कंपनीत सप्लाय प्लॅनिंग करते. कुठला माल कुठून कधी येणार, हे बघायचं काम. सकाळच्या मीटिंगमध्ये त्या शहराचं नाव स्क्रीनवर होतं. सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी त्या शहराबद्दल बोलत होतं! आणि बोलत काय होतं? की विमानतळ बंद आहे, पण आपल्याला काळजी नाही, कच्चा माल शेजारच्या देशातून रस्त्यानं बाहेर पडतोच आहे, इम्पॅक्ट शून्य. एकानं "ग्रेट न्यूज" असंही म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दगडमातीच्या ट्रकना वाट सापडते आणि एका म्हाताऱ्या बाईला, दोन पोरांना एक गेट सापडत नाही?

मी मोठ्यानं म्हणाले, "माझा भाऊ तिथे आहे."

मॅनेजर माणूस वाईट नाही. तो हळू आवाजात म्हणाला, आय अ‍ॅम सो सॉरी, तुला हवा तेवढा वेळ घे. मग त्यानं माझ्याकडे बघत बघत पुढची स्लाइड लावली. मी कॅन्टीनमध्ये जाऊन एकटीच बसले. माझ्या टीममधला नागपूरचा मुलगा मागोमाग आला आणि म्हणाला, "जाऊ द्या ना ताई, यार, आपण काय करू शकतो?" हे वाक्य मला इतक्या लोकांनी ऐकवलं आहे! काही न करण्याची एवढी घाई मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

दोन-तीन दिवसांनी भावाचा मेसेज आला, "मी ठीक आहे. नंतर बोलू." आणि त्याच संध्याकाळी समोरच्या बाईला तिच्या चुलतभावाचा फोन आला. बहीण गेली. गेटसमोरच्या रस्त्यावर सापडली. गोळा पडला होता तिथे. पोरं वाचली होती, ती त्याच्याकडे होती. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि तिच्याच्यानं रडवत नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. माझी मुलगी आली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून तीच रडली.

मग हळूहळू बातम्या आल्या. शहर पडलं तेव्हा सरकारी सैनिकांनी हत्यारं टाकली आणि शांतिसेनेनं त्यांना आपल्या तळांवर आसरा दिला. टीव्हीवर दाखवलं, गणवेशातले दणकट बाप्ये कुंपणाच्या आत रांगेनं बसलेत. दक्षिणेकडच्या फौजेनं पांढरं निशाण लावलं आणि पुढे काही महिन्यांनी ज्यांनी हरवलं त्यांच्याच परवानगीनं, त्यांच्याच रस्त्यानं, ती आपापल्या देशी गेली. समोरच्या बाईनं ते सगळं पाहिलं. ती एकदाही ओरडली नाही. मी ओरडत होते. ती मला फक्त एकच विचारायची, कचऱ्याचा डबा ठेवताना, दुकानात भेटली तर, कुठेही.

"त्याला माहीत होतं का, ती बाहेर आहे ते?"

बाकी तिला काही नको होतं. माफी नको होती, समजूत नको होती. बहीण ज्याच्या भरवशावर तिथे थांबली, त्याला ती दिसली होती का, हे तिला हवं होतं. फोन ऐकू आला नसेल, तो तळाच्या दुसऱ्या टोकाला असेल, गर्दीत दिसली नसेल, असं काहीही असतं तर तिला झोप लागली असती. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, फोनवर नको." पुन्हा विचारलं तर म्हणाला, "तिथलं तुला कळणार नाही." मी म्हणाले, "मला कळू नये असं काय आहे त्यात? हो की नाही, एवढं सांग." त्यानं फोन ठेवला. माझा भाऊ, ज्यानं जन्मात कधी माझा फोन आधी ठेवला नव्हता!

जूनमध्ये तो सुट्टीवर माझ्याकडे आला. वाळला होता. पदक मिळालं होतं, त्याबद्दल अवाक्षर काढेना. पहाटे उठून आमच्या गल्लीत फेऱ्या मारायचा, पण समोरच्या घरापुढून जायचा नाही. वळसा घालून जायचा. जेवताना माझ्या मुलीनं त्याला सरळ विचारलं, "मामा, डिड यू नो शी वॉज देअर?" तो ताटावरून उठला. माझा नवरा मुलीला रागावला. मी नवऱ्याला रागावले. "विचारू दे तिला! या घरात तिच्या एकटीच्या तोंडात जीभ आहे."

आणि त्यात आमचं मंडळ! अमेरिकेत कुठेही जा, मराठी माणसाला दुसरा मराठी माणूस सापडला की आधी मंडळ निघतं आणि मग सत्कार. कोणाच्या मुलीनं भरतनाट्यमचं अरंगेत्रम केलं, सत्कार. कोणाचे सासरे रिटायर होऊन इथे आले, सत्कार. शाल आणि नारळ कोणाला तरी दिल्याशिवाय आमचा कार्यक्रम संपतच नाही. मंडळाच्या अध्यक्षांना कळलं की शांतिसेनेतला मेजर गावात आहे, तर त्यांचा आनंद गगनात मावेना. नवऱ्यानं मला न विचारता हो सांगून टाकलं. मी भावाला म्हटलं, "नको जाऊस. मी कॅन्सल करते." तो म्हणाला, "जातो, ताई. तिलाही बोलाव."

"कोणाला?"

"समोरच्या बाईंना."

मी बोलावलं. ती सीनिअर होममधून थेट हॉलवर आली, कामाच्या कपड्यांतच. मी तिला माझ्या शेजारी बसवलं. भावाला तिनं पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं. दोघांची नजरानजर झाली, पण तोवर अध्यक्षांनी त्याला हाताला धरून स्टेजवर नेलं होतं. मग अध्यक्ष बोलले. मराठी रक्त, शौर्याची परंपरा, जगाला शांततेचा संदेश. खालून कोणीतरी घोषणा दिली. त्यांनी काँगोचा उल्लेख "आफ्रिकेतला तो भाग" असा केला आणि तिथे खनिजं फार आहेत, पण लोक मागासलेले, असंही सांगितलं. ती बाई शांत बसली होती, तिला मराठी कळत नव्हतं म्हणून. मी शांत बसले होते, कारण भावानं मला निघताना शपथ घातली होती.

त्याच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. त्यानं माइक घेतला आणि मराठीत बोलायला लागला. आवाज अगदी साधा, घरात बोलतो तसा.

"तिथे एक बाई होती," तो म्हणाला. "भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं होतं. मी तिला म्हटलं होतं, काही झालं तर गेटशी ये. शहर पडलं त्या दिवशी ती दोन पोरांना घेऊन आली. बाहेर खूप लोक होते, पण ती मला भाऊ म्हणून हाका मारत होती. भाऊ म्हणणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. मी गेटपाशीच होतो. मला दुपारपासून ऐकू येत होतं."

हॉलमध्ये कोणाचा तरी फोन वाजला आणि घाईघाईनं बंद झाला.

"कोणाला आत घ्यायचं नाही असा वरून हुकूम होता. संध्याकाळी दुसरा हुकूम आला, की हत्यारं टाकून येणाऱ्या सैनिकांना आत घ्या. त्यांच्यासाठी मी बाजूचं दार उघडलं. ती त्या दाराशी आली. माझ्यापासून इथून त्या खुर्चीइतकी लांब. मी तिला हातानं खूण केली, थांब. सैनिक आत घेतो, मग बघतो, असं माझ्या मनात होतं. का नव्हतं, ते आता मला सांगता येत नाही. सैनिक आत आले. मी दार लावलं. ती थांबली होती. मी थांब म्हटलं म्हणून ती थांबली होती. मग गोळा पडला. मला एवढंच सांगायचं होतं."

तो माइक खाली ठेवायला वाकला, तेवढ्यात अध्यक्षांनी तो त्याच्या हातातून घेतला. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. "काय हा प्रामाणिकपणा! काय हा विनय!" ते म्हणाले. "मंडळी, भावनेपेक्षा कर्तव्य मोठं, हे आज आपल्याला एका खऱ्या सैनिकानं शिकवलं. ड्यूटी फर्स्ट! उभं राहून, जोरदार टाळ्या!"

आणि सगळा हॉल उभा राहिला! डॉक्टर, इंजिनियर, ज्यांना एक गोष्ट एकदा सांगितली की कळते अशी सगळी हुशार माणसं उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. पुढच्या रांगेतल्या मावशी डोळे पुसत होत्या. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. भाऊ स्टेजवर नारळ धरून उभा होता आणि मान हलवून नाही, नाही म्हणत होता. ते बघून लोकांनी टाळ्यांचा जोर आणखी वाढवला.

समोरची बाई माझ्या शेजारी बसूनच होती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि इंग्लिशमध्ये विचारलं, "काय म्हणाला तो?"

एखादा शब्द गाळावा असं माझ्या मनात येऊन गेलं. पण तिनं मला इतके महिने एकच गोष्ट विचारली होती. मी तिच्या कानाशी वाकले आणि सगळं सांगितलं. की तो गेटपाशीच होता. की त्याला दुपारपासून हाका ऐकू येत होत्या. की दार उघडलं होतं, सैनिकांसाठी. की त्यानं थांब म्हटलं आणि ती थांबली. टाळ्यांच्या आवाजात मला ते जवळजवळ ओरडून सांगावं लागलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं मान वर केली, स्टेजवरच्या माझ्या भावाकडे बघितलं आणि आमच्याभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांकडे, एकेका चेहऱ्याकडे बघितलं.

"मग हे लोक टाळ्या का वाजवतायत?" तिनं मला विचारलं.